विनानांगरणी शेती : यंत्र, अनुदान आणि कर्जाचे गणित

मराठवाड्यात रब्बीची काढणी आटोपली की शेतात ट्रॅक्टर उतरतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात जमीन खोल नांगरायची, ढेकळे तापू द्यायची, त्यानंतर मोगडणी, वखराच्या पाळ्या आणि अलीकडच्या काळात रोटाव्हेटर, असा मशागतीचा क्रम ठरून गेला आहे. खरिपाच्या पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हातून रोखीने जो पैसा जातो, त्यातील मोठा वाटा या मशागतीचा असतो. बियाणे आणि खते निदान उधारीवर मिळतात. डिझेल मात्र रोखीनेच भरावे लागते. त्यामुळे मशागत पूर्णपणे टाळून किंवा अगदी कमी करून पीक घेण्याच्या पद्धतीकडे, म्हणजेच शून्य मशागत अथवा विनानांगरणी शेतीकडे, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कापूस, मका आणि तूर उत्पादक शेतकऱ्यांचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने या विषयाला आणखी एक पैलू जोडला. त्या पुरात मराठवाड्यातील अनेक शेतांतील माती खरडून गेली आणि राज्य सरकारला ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या मदतीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी वेगळी तरतूद करावी लागली. नदीकाठ फोडून येणाऱ्या पुरापुढे कोणतीही पेरणी पद्धत टिकत नाही, हे खरे. तथापि, उतारावरच्या शेतातून दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जाणारी माती अडविण्याचे काम जमिनीवरचे आच्छादन आणि न हलविलेली मुळे निश्चितपणे करू शकतात. शहरातील वाचकांचाही याच्याशी संबंध आहे. वैजापूर, गंगापूर परिसरातील शेतांतून वाहणारी माती अखेरीस गोदावरीमार्गे नाथसागरात जाते आणि छत्रपती संभाजीनगर शहराची तहान याच जलाशयावर भागते.

नांगर बाजूला ठेवायचा तर पेरणीची वेगळी साधने लागतात, ती साधने विकत घ्यायची तर भांडवल लागते आणि ते भांडवल कोठून आणायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर पीक, जमिनीचा आकार आणि शेजाऱ्यांचे सहकार्य या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

पद्धत कोठून आली?

अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केल्यानंतर नांगरटीविषयी प्रथम गंभीर शंका घेतल्या जाऊ लागल्या. ब्राझीलमधील पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ मध्ये अमेरिकन बनावटीचे पेरणी यंत्र आयात करून विनानांगरणी सोयाबीन पेरले आणि तेथून ही पद्धत दक्षिण अमेरिकेत पसरली. भारतात पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी परदेशी नमुन्यावरून शून्य मशागत पेरणी यंत्र तयार केले. भात काढल्यावर लगेच गहू पेरता यावा, हा त्यामागील उद्देश होता. पुढे पंजाब-हरियाणात भाताचे काड न जाळता त्यातूनच गहू पेरणारे ‘हॅपी सीडर’ आले.

महाराष्ट्रात या विचाराचे दोन ठळक प्रवाह दिसतात. कोल्हापूरचे प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी उसासह अन्य पिकांत विनानांगरणीचा दीर्घकाळ पुरस्कार केला आणि तणांकडे शत्रू म्हणून न पाहता जमिनीचे खाद्य म्हणून पाहावे, अशी मांडणी केली. दुसरा प्रवाह रायगड जिल्ह्यातील नेरळच्या सगुणा बागेतला. चंद्रशेखर भडसावळे यांनी तेथे भातासाठी ‘सगुणा पुनरुत्पादक तंत्र’, म्हणजेच ‘एसआरटी’ विकसित केले. यात ट्रॅक्टरने एकदाच गादीवाफे तयार करायचे, ते पुढे वर्षानुवर्षे मोडायचे नाहीत, लोखंडी साच्याने ठराविक अंतरावर भोके पाडून बी टोकायचे आणि काढणीनंतर पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची, असा क्रम आहे. कोकणातील भातातून हे तंत्र नंतर कापूस, मका अशा कोरडवाहू पिकांत आले. जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, म्हणजे ‘पोकरा’च्या, शेतीशाळांतून शून्य मशागतीचा प्रसार झाला. पहिल्या टप्प्यातील या प्रकल्पात मराठवाड्याचे सर्व आठ जिल्हे होते.

यंत्र नेमके कोणते?

‘विनानांगरणीचे यंत्र’ असे एकच यंत्र नाही. येथेच अनेकदा गोंधळ होतो आणि चुकीच्या वस्तूसाठी कर्ज काढले जाते.

खरिपातील मका किंवा सोयाबीन काढल्यावर त्याच रानात हरभरा अथवा गहू पेरायचा असेल, तर ट्रॅक्टरचलित शून्य मशागत पेरणी यंत्र उपयोगी पडते. त्याचे अरुंद फाळ जमिनीत केवळ एक चीर पाडतात आणि त्यात बी व खत सोडतात. हे यंत्र ओढण्यासाठी साधारणपणे ३५ ते ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. म्हणजे ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही, त्याच्या दारात हे यंत्र नुसते उभे राहील.

कापसाचे तसे नाही. कपाशीच्या दोन ओळींतील अंतर मोठे असते आणि बी टोकण पद्धतीने लावले जाते. तेथे गादीवाफे तयार करणारे अवजार पहिल्या वर्षी एकदाच लागते आणि ते भाड्याने मिळाले तरी पुरते. त्यानंतर लोखंडी साचा किंवा हाताने चालणारे टोकण यंत्र, फवारणी पंप आणि तण कापण्यासाठी ब्रश कटर एवढ्यावर काम भागते. ही सर्व साधने बैलजोडीच्या किमतीपेक्षाही स्वस्त आहेत. यापेक्षा मोठा खर्च कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक करणाऱ्या श्रेडरचा असतो आणि तो एकट्याने विकत घेण्याची गरज क्वचितच असते.

याचा अर्थ असा, की जिल्ह्यातील ज्या कापूस उत्पादकाला केवळ पद्धत बदलायची आहे, त्याला मोठ्या कर्जाची गरजच नाही. त्याला गरज आहे ती वेळेवर भाड्याने मिळणाऱ्या अवजाराची आणि पहिल्या दोन-तीन हंगामांतील जोखीम सोसण्याइतक्या उसंतीची.

एकट्याचे गणित जुळते का?

पेरणी यंत्र विकत घ्यायचेच असेल, तर हिशेब काय होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. समजा, यंत्राची किंमत ९० हजार रुपये आहे आणि संपूर्ण रक्कम बँकेने १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी दिली. समान वार्षिक हप्ता सुमारे २३ हजार ७०० रुपये येतो. नांगरणी आणि पाळ्या टळल्याने एकरी तीन हजार रुपये वाचतात, असे धरले, तर हा हप्ता केवळ बचतीतून भागविण्यासाठी जवळपास आठ एकर रान हवे.

५० टक्के अनुदान मिळाले आणि कर्ज ४५ हजारांवर आले, तर हप्ता सुमारे ११ हजार ९०० रुपये होतो. त्यासाठीही चार एकर लागतात. आता वस्तुस्थिती पाहावी. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिती क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३.३ एकर आहे. सरासरी शेतकऱ्याची बचत या उदाहरणात दहा हजारांच्या आतच राहते. म्हणजे निम्मे अनुदान मिळूनही हप्ता बचतीपेक्षा मोठाच ठरतो. शिवाय पहिल्या वर्षांत तणनियंत्रणावर जो जादा खर्च होतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

प्रत्यक्षातील किंमत, व्याजदर आणि मशागतीचे भाडे गावागणिक बदलतील, त्याप्रमाणे आकडे बदलतील. पण निष्कर्षाची दिशा बदलत नाही. लहान शेतकऱ्यासाठी हे यंत्र त्याच्या शेतापेक्षा मोठे आहे. ते परवडायचे असेल, तर त्याने वर्षातून अनेक शेतांत काम केले पाहिजे.

अनुदान मिळते, पण केव्हा?

केंद्र सरकारचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले. त्यानुसार अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या शेतकऱ्यांना अवजारांवर ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान मिळते. अर्थात प्रत्येक अवजारासाठी कमाल मर्यादा ठरलेली आहे. महाराष्ट्रात त्यासाठी ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पूर्वी सोडत काढून लाभार्थी निवडले जात. २०२५ मध्ये राज्य सरकारने सोडतीऐवजी आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आणि शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व शेती अवजारांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाल्याने किमतीतही काही दिलासा मिळाला.

अडचण आहे ती पैशांच्या क्रमाची. पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकऱ्याने आधी यंत्र पूर्ण किमतीला विकत घ्यायचे, बिल सादर करायचे, तपासणी व्हायची आणि त्यानंतर अनुदान बँक खात्यात जमा व्हायचे, अशी ही पद्धत आहे. गैरव्यवहाराला आळा घालण्यासाठी ती योग्यच आहे. मात्र ज्याच्याजवळ पूर्ण रक्कम नाही, त्याला मधल्या काळासाठी पैसा उभा करावा लागतो. तो सावकाराकडून किंवा विक्रेत्याच्या उधारीतून उभा राहिला, तर अनुदानाचा काही भाग व्याजातच जातो. ज्या अत्यल्प भूधारकासाठी ५० टक्क्यांची सवलत आखली आहे, तोच नेमका या पायरीवर अडतो. म्हणूनच अनुदानाचा अर्ज आणि कर्जाचा अर्ज एकाच वेळी करणे आणि अनुदान थेट कर्ज खात्यात वळते करून घेणे, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.

पीककर्ज वेगळे, यंत्राचे कर्ज वेगळे

शहरी वाचकांना ‘शेतकऱ्याला शून्य टक्के व्याजाने कर्ज मिळते’ एवढेच ठाऊक असते. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची मुदतीत परतफेड केल्यास व्याजसवलतीमुळे ते शून्य टक्के दराने पडते, हे खरे आहे. पण ही सवलत हंगामी पीककर्जाची आहे. यंत्रासाठी मिळते ते मध्यम मुदतीचे कर्ज. त्याला बँकेचा नेहमीचा व्याजदर लागतो. २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनाही अल्पमुदत आणि पुनर्गठित पीककर्जापुरतीच होती. त्यामुळे ‘पुढे माफी होईल’ अशा भरवशावर यंत्राचे कर्ज काढणे धोक्याचे आहे.

कर्ज मागायला गेल्यावर बँक सातबारा, आठ-अ, यंत्राचे कोटेशन, अन्य बँका व सोसायटीचा बेबाकी दाखला आणि पूर्वीच्या परतफेडीचा इतिहास पाहते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून शेतीसाठीच्या दोन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण आणि स्वतःचा हिस्सा मागू नये, असे बँकांना सांगितले आहे. त्यापूर्वी ही मर्यादा एक लाख ६० हजार होती. पेरणी यंत्र, टोकण यंत्र, ब्रश कटर अशी साधने या मर्यादेत सहज बसतात. मात्र मर्यादा प्रत्येक कर्जदारासाठी एकत्रित असल्याने, आधीचे पीककर्ज मोठे असेल, तर सवलत तेथेच संपते. सोसायटीचे पीककर्ज थकले असल्यास नव्या कर्जाचा दरवाजा बहुधा बंदच असतो.

जिल्ह्यात कर्जाचे तीन प्रमुख स्रोत आहेत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक व तिच्याशी जोडलेल्या गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, राष्ट्रीयीकृत बँका, आणि ग्रामीण बँक. मे २०२५ मध्ये राज्यातील दोन ग्रामीण बँकांच्या एकत्रीकरणातून झालेल्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथेच आहे. याशिवाय बिगरबँक वित्तसंस्था विक्रेत्याच्या दुकानातच कर्ज मंजूर करून देतात. त्यांची गती मोठी असते, कागदपत्रे कमी लागतात; व्याज मात्र बहुधा अधिक असते. अशा वेळी केवळ हप्त्याची रक्कम न विचारता पाच वर्षांत एकूण किती पैसे द्यावे लागणार, हे लेखी मागणे इष्ट.

हप्त्याची तारीखही तितकीच महत्त्वाची आहे. कापसाचा पैसा दिवाळीनंतर, तर हरभऱ्याचा उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. मासिक हप्त्याचे कर्ज शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी जुळत नाही. शेतीकर्जाची परतफेड पिकाच्या हंगामाशी जोडण्याची तरतूद बँकिंग नियमांत आहे. सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागण्याचा शेतकऱ्याला पूर्ण आधार आहे. तसेच नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा अधिक पीकहानी जाहीर झाल्यास मुदत कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याचीही तरतूद आहे. २०१२, २०१५, २०१८ चे दुष्काळ आणि २०२५ ची अतिवृष्टी पाहता मराठवाड्यात पाच वर्षांच्या कर्जकाळात एखादे वाईट वर्ष येणार, असे धरूनच चालावे लागते.

अवजारे बँकेचा पर्याय

वरील गणितातून निघणारा मार्ग म्हणजे सामाईक मालकी. शेतकरी गट, महिला बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने यंत्रे घ्यायची आणि सभासदांना भाड्याने द्यायची, अशी ‘अवजारे बँक’ किंवा भाडेतत्त्वावरील सेवा केंद्र उभारण्यास यांत्रिकीकरण उपअभियानातून प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के साह्य आहे. ‘पोकरा’च्या गावांत गटांना व उत्पादक कंपन्यांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळाले. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत अशा केंद्रांच्या दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद करण्यात आली. या निधीतून कर्जवाटपाची मुदत २०२५-२६ अखेरपर्यंत ठरविण्यात आली होती. त्यामुळे प्रस्ताव करताना प्रचलित स्थिती बँकेकडून जाणून घेणे आवश्यक आहे.

मात्र अवजारे बँक म्हणजे हमखास उत्तर नव्हे. खरिपात पुरेसा पाऊस होऊन वाफसा आला, की साऱ्या गावाला पेरणी एकाच वेळी करायची असते. एक यंत्र दिवसाला सात एकर पेरते, असे मानले, तर वीस सभासदांच्या सहासष्ट एकरांना नऊ-दहा दिवस लागतात. तोवर वाफसा निघून जातो किंवा पुढचा पाऊस येतो. शेवटच्या क्रमांकाचा सभासद इतके दिवस थांबत नाही. तो जुन्या पद्धतीने पेरणी उरकतो आणि पुढच्या वर्षी भाडेही भरत नाही. म्हणून एका यंत्रामागे किती सभासद घ्यायचे, क्रम कसा लावायचा, चालकाचा पगार आणि दुरुस्तीचा निधी कोठून काढायचा, हे यंत्र घेण्याआधीच ठरवावे लागते. अनुदानाच्या टक्केवारीइतकेच या नियमांवर केंद्राचे यश अवलंबून असते.

जोखीम कशात आहे?

नांगर थांबविला की उत्पादन वाढतेच, असे नाही. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि ६३ देशांतील ६१० अभ्यासांवर आधारलेल्या विश्लेषणात विनानांगरणीमुळे उत्पादन सरासरी ५.७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता. कोरड्या हवामानातील पावसावरच्या शेतीत विनानांगरणीला पीक अवशेषांचे आच्छादन आणि पिकांची फेरपालट यांची जोड दिल्यास उत्पादन ७.३ टक्क्यांनी वाढले. मराठवाड्याचे हवामान या दुसऱ्या वर्णनाशी जुळणारे आहे. पण आच्छादन आणि फेरपालट या दोन्ही अटी येथे सोप्या नाहीत. ज्वारीचा कडबा आणि मक्याचा चारा जनावरांना लागतो. पऱ्हाट्या चुलीत जातात. रानावर पसरायला उरते ते थोडेच.

दुसरी अडचण गुलाबी बोंडअळीची. २०१७ मध्ये या अळीने राज्यातील कापसाचे मोठे नुकसान केले. तिचे कोष उन्हाने मरावेत म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करण्याची शिफारस कृषी विभाग करतो. विनानांगरणीचा मार्ग नेमका याच्या उलट आहे. फरदड न घेता कापूस वेळेत संपविणे, पऱ्हाट्या बारीक करणे, कामगंध सापळे लावणे आणि पीक फिरविणे या उपायांची शिस्त पाळली, तरच नांगरट टाळणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी गोष्ट तणांची. नांगर आणि कोळपे थांबले, की तणनाशकावरील अवलंबन वाढते. ग्लायफोसेटचा वापर अधिकृत कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला. ज्या पद्धतीचा सारा हिशेब एका रसायनावर उभा आहे, ती पद्धत धोरण बदलताच अडचणीत येऊ शकते. ब्रश कटर आणि आच्छादन यांवरचा खर्च म्हणूनच दुय्यम मानता येत नाही.

याशिवाय एक वर्ग या साऱ्या चर्चेबाहेरच राहतो. बटईने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही आणि शेतात राबणाऱ्या बहुसंख्य महिलांच्या नावावर जमीन नाही. त्यांना ना कर्ज मिळते, ना अनुदान. शिवाय विनानांगरणीचे फळ जमिनीत मुरायला काही वर्षे लागतात. पुढच्या वर्षी तेच रान मिळेल याची खात्री नसलेला बटईदार आज माती सुधारण्यावर खर्च का करील?

कोणत्या क्रमाने जावे?

कृषितज्ज्ञ नव्या पद्धतीबाबत नेहमी जो सल्ला देतात, तो येथेही लागू पडतो. पहिल्या वर्षी एकाच एकरावर, तेही भाड्याच्या अवजाराने गादीवाफे करून प्रयोग करावा. शेजारच्या नांगरलेल्या एकराचा आणि या एकराचा खर्च व उत्पन्न वहीत मांडावे. दोन हंगामांनंतर हिशेब जुळत असेल, तर गट करून यंत्राचा विचार करावा आणि अनुदानाची पूर्वसंमती हाती आल्यावरच कर्जाची उचल घ्यावी. गांधेली आणि पैठण रस्ता येथील कृषी विज्ञान केंद्रे तसेच परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्याकडे जमीन व पिकानुसार मार्गदर्शन मिळू शकते.

धोरणकर्त्यांसाठीही यात सूचना आहे. आजची मदत प्रामुख्याने यंत्राच्या खरेदीला आहे. पद्धत बदलतानाच्या दोन-तीन वर्षांत उत्पन्न घटले, तर त्याची भरपाई करणारी व्यवस्था नाही; आणि अनुदान जमा होईपर्यंतच्या काळासाठी स्वस्त अल्पमुदत कर्जही सहज मिळत नाही. लहान शेतकरी नांगर सोडायला कचरतो, तो प्रामुख्याने या दोन कारणांनी. ग्रामीण बँक किंवा जिल्हा बँकेने पूर्वसंमतीच्या पत्रावर काही महिन्यांसाठी रक्कम उपलब्ध करून दिली, तर यातील दुसरी अडचण फारशा खर्चाविना दूर होऊ शकते. पहिल्या अडचणीसाठी मात्र सरकारला तिजोरीतून पैसा काढावा लागेल. खरडून गेलेल्या जमिनींवर २०२५ मध्ये द्यावी लागलेली मदत लक्षात घेता, माती जागेवर असतानाच तिच्यावर खर्च करण्याचा विचार सरकारने गांभीर्याने करायला हवा.